भिंतीतली शेगडी

"नाक बघू."

दार उघडल्याबरोबर काका एवढंच म्हणायचे. 'ये' नाही, 'बस' नाही. उजव्या हाताची दोन बोटं उलटी करून ते तुमच्या नाकाच्या शेंड्याला टेकवायचे, डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि निकाल द्यायचे. "पहिली खुर्ची." किंवा "दुसरी." किंवा, निराश चेहऱ्याने, "तू आपली खिडकीत बस."

पहिली खुर्ची कोळशाच्या शेगडीला लागून होती. ज्याचं नाक सगळ्यात गार, तिच्यावर त्याचा हक्क. वय, हुद्दा, नातं यांतलं काही चालायचं नाही. एकदा म्युनिकच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीतले एक मराठी साहेब आले. त्यांच्या गाडीची सीटसुद्धा तापायची, त्यामुळे नाक कोमट निघालं. ते संध्याकाळभर खिडकीशी कोट घालून बसले, आणि गार्चिंगहून यू-बान मेट्रोने आलेला एक विद्यार्थी पहिल्या खुर्चीत पाय पसरून निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत खात राहिला. आमच्यातले काही बेरकी लोक दाराबाहेर नाकाला बर्फ चोळून बेल वाजवायचे. मीही चोळलाय, उगाच सोवळेपणा कशाला दाखवू? पण काकांना कळायचं. "हा वरवरचा गारठा आहे. तिसरी," म्हणायचे.

काका तरुणपणी नकाशे काढायच्या नोकरीवर जर्मनीत आले आणि राहिले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी कोलोनला होती. आम्ही पुण्या-मुंबईची आयटीतली माणसं त्यांची कोणीच नव्हतो. पण नोव्हेंबर लागला की आमच्या घरातले रेडिएटर चालू असतानाही आमचे पाय आपोआप त्यांच्या जिन्याकडे वळायचे.

आम्ही तिला शेगडी म्हणायचो खरं, पण ती खांद्याएवढी उंच होती, लोखंडाची, वरून हिरव्या फरशा लावलेली. घरमालकाने काकांकडेही रेडिएटर बसवले होते. काका ते कधीच चालू करत नसत, त्यांच्यावर टॉवेल वाळत घालत. तळघरातून ते रोज विटांसारखे कोळसे वर आणायचे. जाळ धरायला त्यांच्या शेगडीला वेळ लागायचा, आणि त्यांना तो लागलेला आवडायचा. तुम्ही कसलाही प्रश्न घेऊन जा, नोकरी सोडू का, मुलीला कुठल्या शाळेत घालू, त्यांचं उत्तर एकच. "घाई काय आहे? निखारा पडू दे."

रात्रभर धग टिकावी म्हणून कोळसा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आत ठेवायची इथली जुनी रीत आहे. काका त्यासाठी भारतातून लोणच्याच्या बरण्यांभोवती गुंडाळून आलेले मराठी पेपर वापरायचे, आणि कागद ओला करण्याआधी वाचायला बसायचे. त्यामुळे निम्म्या वेळा शेगडी विझायची आणि बाकी निम्म्या वेळा बातमी अर्धी राहायची. कुठल्या तरी तालुक्यातल्या दरोड्याची हकिगत ते आम्हाला रंगवून सांगायचे आणि ऐन वेळी थांबायचे. "पुढे काय झालं?" असं विचारलं की शेगडीकडे बोट दाखवायचे.

आता मुख्य गोष्ट. ही शेगडी भिंतीतच बसवलेली होती. पूर्वी तो मजला एकच घर होता, मग मधे भिंत घालून दोन केली. त्यामुळे शेगडीचं तोंड काकांच्या बैठकीत आणि पाठ शेजारच्या फ्राऊ लिंडनरबाईंच्या झोपायच्या खोलीत. जाळ यांचा, ऊब दोघांची. बाई एकट्याच, काकांहून थोड्या मोठ्या, ताठ आणि अतिशय स्वच्छ. सकाळी गार वाटलं की त्या आपल्या बाजूच्या फरशीवर एकदा ठोकायच्या, म्हणजे कोळसा घाला. दोनदा ठोकलं की पुरे. काका लगेच उठायचे आणि आम्हाला सांगायचे, "बाई उठल्या." बाई त्यांना 'हेर नाखबार' म्हणायच्या, म्हणजे शेजारीसाहेब. इतकी वर्षं एका शेगडीवर काढली तरी दोघांनी कधी अहो-जाहो सोडलं नाही.

होळी काका शेगडीतच पेटवायचे. दारात पेटवली असती तर आगीचा बंब आला असता. नैवेद्य झाला की प्रदक्षिणा. भिंतीतल्या शेगडीला प्रदक्षिणा कशी घालायची? माझा नवरा म्हणाला, "काका, अर्धी चालते की. शंकराला आपण अर्धीच घालतो." काका म्हणाले, "ही शंकर आहे का?" मग आमची वरात काकांच्या दारातून जिन्यात, जिन्यातून बाईंच्या घरात, त्यांच्या पलंगाला वळसा घालून मागच्या बाल्कनीत, आणि दोन बाल्कन्यांमधला कठडा ओलांडून काकांच्या स्वयंपाकघरात परत. बाईंनी कठड्याच्या दोन्ही बाजूंना स्टुलं मांडून ठेवलेली असायची. मार्चच्या थंडीत नऊवारी सावरत कठडा चढणाऱ्या बायका आणि त्यांना हात देणाऱ्या फ्राऊ लिंडनर असं ते दृश्य होतं. शेवटी बोंब. पण इमारतीत संध्याकाळी शांतता पाळायचा नियम, म्हणून आम्ही हळू आवाजात बोंब मारायचो. ही कशासाठी, असं बाईंनी विचारलं. वर्षभराचा राग बाहेर काढायचा असतो, असं काकांनी सांगितलं. "आख सो," म्हणजे 'असं होय', म्हणाल्या, उलटा हात तोंडावर नेला आणि अशी काही बोंब ठोकली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं रडायला लागलं.

दसऱ्याला शेगडीची पूजा व्हायची, थंडीतला पहिला जाळ लावायच्या आधी. "शस्त्र म्हणा, अवजार म्हणा, आपलं जे काही आहे ते हेच," काका म्हणायचे. शेगडीच्या पाठीवर, म्हणजे बाईंच्या खोलीत, एक छोटी लोखंडी पाटी होती. हळदकुंकू धगीने उडून जातं, म्हणून काका त्या पाटीला तेलात कालवून शेंदूर लावायचे. बाई त्या दिवशी निळा ठेवणीतला झगा घालून दार उघडायच्या आणि बाजूला उभ्या राहायच्या. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं, "रोस्टशुट्स?" म्हणजे, लोखंडाला गंज धरू नये म्हणून लावायचा रंग का? आता इथे पूर्वी लोखंडाला अगदी असाच नारिंगी रंग लावत. काकांच्या हातात पेटलेलं निरांजन होतं. जर्मनमधून देव समजावेपर्यंत ते विझलं असतं. "गेनाऊ," अगदी बरोबर, ते म्हणाले, "रोस्टशुट्स." त्यानंतर दर वर्षी बाई तारीख विचारून ठेवायच्या आणि काकांच्या शिस्तीचं कौतुक करायच्या.

मग धुराचा नवा नियम आला. धुराडी साफ करणारा आणि तपासणारा माणूस, कामिनकेरर, इथे सरकारी अधिकाराने येतो. वर त्याला हात लागला की नशीब उघडतं अशी लोकांची श्रद्धा. त्याने समजावून सांगितलं. नव्या शेगड्या चालतील. फार जुन्या असतील त्याही चालतील, कारण त्या ऐतिहासिक. मधल्या वयाच्या बंद. काकांच्या शेगडीचं वय त्या पाटीवर कोरलेलं, आणि पाटीवर शेंदराचा बोटभर थर. कामिनकेररने बॅटरी मारून पाहिलं, नखाने टोकरलं, आणि इतकं शेंदरी झालेलं जे काही आहे ते ऐतिहासिकच असणार असं ठरवून निघून गेला. काकांचाही तसाच ठाम समज होता. "महायुद्धाच्या आधीची आहे," ते सांगायचे. कुठल्या, ते सांगत नसत.

पुढच्या तपासणीच्या दिवशी मी तिथेच होते. कामिनकेरर आला, काळा पोशाख, खांद्यावर ब्रश. काकांनी त्याचं नाक पाहिलं आणि पहिली खुर्ची दिली. चहा झाला. मग आम्ही सगळे बाईंच्या खोलीत गेलो.

पाटी लखलखत होती.

बाई फडकं हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "त्या नारिंगी रंगात शिसं असतं. त्याला आता बंदी आहे, मी वाचलं. हेर नाखबारना त्रास नको. व्हिनेगर लावून सगळा काढला." दोन दिवस घासत होत्या म्हणे. हात लाल झाले होते.

कामिनकेररने पाटी वाचली. पुन्हा वाचली. शेगडी महायुद्धानंतरची निघाली, दोन्ही महायुद्धांनंतरची. ऐतिहासिक व्हायला अगदी थोडक्यात कमी पडली होती. "लाइडर," तो पुटपुटला. इथे माणूस वाईट वाटतंय म्हणाला की समजायचं, निकाल लागला.

काकांनी पाटीकडे पाहिलं, बाईंच्या हातांकडे पाहिलं, आणि कामिनकेररच्या दंडाला धरून त्याला जिन्यात नेलं. मी मागोमाग गेले. मला वाटलं, ते शेगडीसाठी रदबदली करणार.

"बाईंना पाटीचं सांगू नका," काका म्हणाले. "चिमणीला तडा गेलाय म्हणा."

"मी कागदावर खरं तेच लिहिणार."

"कागदावर खरं लिहा. तोंडाने चिमणी म्हणा."

तो बराच वेळ ब्रशच्या तारा चाचपत राहिला. मग आत गेला आणि घसा खाकरून म्हणाला की चिमणीला तडा गेलाय, त्यामुळे शेगडी बंद. बाई भडकल्या. "मी कधीची सांगत होते, त्या चिमणीकडे बघा म्हणून." घरमालकाला त्यांनी त्याच दिवशी फोनवरून फैलावर घेतलं. त्या बिचाऱ्याला काही कळेना.

मला खाली सोडायला जिना उतरताना काका म्हणाले, "बाईंना कधी बोललीस तर तुझं नाक बघणार नाही."

"काका, पण शेगडी गेली."

"शेगडी गेली," ते म्हणाले. 'निखारा पडू दे' काही म्हणाले नाहीत.

शेगडीच्या तोंडाला सील लागलं. रेडिएटरवरचे टॉवेल निघाले आणि घर सगळीकडे सारखं गरम झालं. आम्ही जात राहिलो. काका दारात नाकही बघायचे, पण निकाल देता यायचा नाही. "सगळीकडेच ऊब आहे गं," एकदा म्हणाले, "मग बसायचं कुठे?" खरंच कोणी स्वयंपाकघरात, कोणी खिडकीत, जो तो आपापल्या फोनमध्ये. लोक लवकर उठायला लागले. मला फार वाईट वाटायचं, आणि तरी मीही लवकरच उठायचे. सकाळी बाई मात्र सवयीने फरशी ठोकायच्या आणि काका इकडून ठोकायचे. आता घालायला कोळसा नव्हता, त्यामुळे दोघं बराच वेळ ठोकत बसायचे.

पुढच्या वर्षी पाय घसरल्याचं निमित्त झालं आणि मुलगी त्यांना कोलोनला घेऊन गेली. फोनवर म्हणाले, "इथे जमीनच तापवतात. मी खुर्चीवर मांडी घालून बसतो." पावसाळी सप्टेंबरात ते तिकडेच वारले. बाईंना मीच जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "या वर्षी रोस्टशुट्सची तारीख कोणती?"

मी दसऱ्याची तारीख सांगितली. त्या दिवशी ऑफिसातून परस्पर गेले. बाहेर बोचरा वारा होता. बाईंनी निळा झगा घातला होता. पलंगापाशी वर्तमानपत्र पसरून त्यावर बिनशिशाच्या नारिंगी रंगाचा नवा डबा ठेवला होता. त्यांनी सावकाश सगळी पाटी रंगवली. आधी कारखान्याचं नाव बुजलं, मग साल. एका कोपऱ्यात राहिलं होतं तिथे पुन्हा ब्रश फिरवला. मी फुलं आणली होती, ती खाली ठेवली आणि हात जोडले. मला रडू आलं.

बाईंनी ब्रश पुसला, हात पुसले, माझ्यासमोर आल्या आणि दोन बोटं उलटी करून माझ्या नाकाला टेकवली. डोळे मिटले. त्या भिंतीपलीकडून त्यांनी इतकी वर्षं जे ऐकलं होतं, ते मग त्यांनी स्वच्छ मराठीत म्हटलं.

"पहिली खुर्ची."

आरशापुढची खुर्ची ओढून त्यांनी शेगडीला लावली. मी कोट न काढता, त्या गार फरशांना पाठ टेकून बसले.