प्लगवरचा लाल ठिपका

"हा माइक चावते बाप्पा," असं मामी पहिल्यांदा म्हणाली तेव्हा सगळे हसले. मी हसले नाही. पण मी काही बोललेही नाही, आणि ही सगळी हकिकत त्या न बोलण्याचीच आहे.

बारावी झाल्यावर एक वर्ष मी घरीच होते. आम्ही माजरीला, कोळसाखाणीच्या कॉलनीत राहायचो. वडील खाणीच्या ऑफिसात कारकून होते. शाळा इंग्रजी माध्यमाची होती, त्यामुळे पेपरात मी पानंच्या पानं लिहायची, पण चार माणसं समोर बसली की कुठल्याच भाषेत तोंड उघडायचं नाही. मामा पोंभुर्ण्याला राहायचा. त्याची ऑर्केस्ट्रा पार्टी होती. मामी गायची, मामा आवाजाचं सगळं सांभाळायचा. लग्नं, गणपती, दिवाळीनंतरच्या गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, असे त्यांचे कार्यक्रम असत.

एका सकाळी मामा आमच्याकडे आला आणि चहा संपायच्या आधीच वडिलांना म्हणाला, "भाऊजी, पोरगी दोन दिवस द्या. चंद्रपूरले मिक्सर घ्याचा हाय. त्याचं पुस्तक इंग्रजीत असते, अन् दुकानदार इंग्रजीतच फसवते."

दोन दिवसांसाठी गेलेली मी दिवाळी उलटून गेली तरी पोंभुर्ण्यातच होते.

मामाजवळ तोवर एक जुना अॅम्प्लिफायर होता. त्यात सगळे माइक एकत्र जोडायचे. ढोलक वाढवला की मामीचा आवाज बुडायचा, मामीचा वाढवला की भोंगा शिट्टी मारायचा. मिक्सरमध्ये प्रत्येक माइकला स्वतःची वाट असते, ज्याचा त्याचा आवाज वेगळा कमीजास्त करता येतो. या वाटेला चॅनल म्हणतात, एवढं मला दुकानात कळलं.

दुकान चंद्रपूरच्या एका गल्लीत होतं. टेबलावर दोन मिक्सर होते. एक नवा, आठ चॅनलचा, इथेच बनवलेला, दिसायला शाळेच्या दप्तराएवढा. दुसरा जुना, बाहेरच्या देशातला, सोळा चॅनलचा. त्याला गोल बटणांऐवजी वरखाली सरकणाऱ्या पट्ट्या होत्या. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच, मामाला कशीबशी परवडेल अशी. मी मनात मोजलं. गाणाऱ्यांचे दोन, निवेदकाचा एक, ढोलक, तबला, कीबोर्ड, ऑक्टोपॅड. सात झाले, वर एक मोकळा.

"आठ पुरतील," मी म्हणाले.

"हळू काऊन बोलतं? माइक देऊ का?" मामा म्हणाला. दुकानदार हसला. मी परत मिक्सरकडे बघू लागले.

"हे पाय माय," मामा मला समजावू लागला, "कार्यक्रम ठरवाले लोक येतेत नं, ते गाणं आयकत नाई. पयले मिक्सर पाह्यतेत. केवढा हाय, किती बटनं हाय. दुसऱ्या पार्टीजवळ सोळाचा आला. आता आठचा घेऊन मी कोणाच्या दारात जाऊ?"

दुकानदाराने सोळाच्या मिक्सरची वायर उलगडली. टोकाला तीन पिनांचा प्लग होता, पण वरची जाड पिन नव्हती. तिच्या जागी नुसतं भोक होतं. माझी नजर तिथे गेली हे त्याने पाहिलं.

"ते पिन मीच काढली," तो मामाकडे बघून म्हणाला. "ठेवली का घूं घूं आवाज येते. आता कसं, दोनच पिना हायेत, तर उलटी-सुलटी लावून पाहाची. ज्या बाजूनं आवाज साफ, ते बाजू बरी. सगळे ऑपरेटर असंच करतेत."

मामाने मान हलवली. त्यालाही हे माहीत होतं. मामाने सोळाचा घेतला.

बसमध्ये मिक्सर सतरंजीत गुंडाळून त्याने मांडीवर ठेवला होता, आणि पुस्तक माझ्या हातात होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना साग होता. पहिल्याच पानावर जाड काळ्या चौकटीत लिहिलेलं होतं, की हे यंत्र अर्थिंगला जोडलेलंच असलं पाहिजे, आणि प्लगची तिसरी पिन कधीही काढू नये. ते वाचताना मला दहावीचा पेपर आठवला. अर्थिंगवर प्रश्न होता. मी आकृतीसकट उत्तर लिहिलं होतं. यंत्रात काही बिघडून वीज त्याच्या अंगावर आली, तर ती त्या पिनेतून जमिनीत निघून जाते. पिन नसेल तर तिला दुसरी वाट लागते. ती दुसरी वाट म्हणजे हात लावणारा माणूस.

"मामाजी, याला तिसरी पिन पाहिजे असं लिहिलंय."

"कुठी?"

मी पान दाखवलं. त्याने ते वाचलं नाही, नुसतं कौतुकानं पाहिलं. "लिवणारे लिवतेत माय. तिकडं बर्फ पडते, सगळं ओलंच राह्यते, म्हणून लिवतेत. आपल्या घरी कोणत्या बोर्डाले तिसरी तार हाय?"

ते खरंच होतं. पोंभुर्ण्याच्या घरात एकाही बोर्डाला अर्थिंग नव्हतं. मी पुस्तक मिटलं. मी आणखी एकदा म्हणू शकले असते. तेवढं वाक्य मी घसा साफ करून मनात तीन वेळा जुळवलं, आणि स्टँड आला.

तालीम मधल्या खोलीत व्हायची. मिक्सर लावला की त्याच्या आतून अगदी बारीक गुणगुण यायची, माशी डब्यात कोंडल्यासारखी. इतरांना ती गाण्यात ऐकू यायची नाही. मला गाणं चालू असतानाही ऐकू यायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मामीने माइक हातात घेतला आणि झटकन सोडला.

"हा माइक चावते बाप्पा."

"त्याले गाणं आवडलं नसंल," मामा म्हणाला, आणि तेव्हाच सगळे हसले.

मामीने माइकला रुमाल गुंडाळला आणि गाऊ लागली. मध्येच थांबून म्हणाली, "जोडव्यात मुंग्या येऊन राह्यल्या जी." ती कायम अनवाणी गायची. गाण्याआधी चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या, बसायच्या जागेला हात लावून कपाळाला लावायचा, मगच माइक. तालमीतही तसंच. चपला घालून गाणं म्हणजे तिला देवघरात चपला नेल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी माइक चावला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा चावला. मी बघत राहिले. मामा प्लग कधी कसा घालतो ते पाहिलं. आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की प्लग एका बाजूने असला की मुंग्या येतात, उलटवला की येत नाहीत. मामा कानाने ठरवायचा, आणि कानाला दोन्ही बाजू बहुतेक वेळा सारख्याच लागायच्या.

हे मी मामाला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी मामीची लाल नेलपॉलिश घेतली आणि प्लगच्या चांगल्या बाजूवर एक ठिपका दिला. तालमीआधी मी पाणी प्यायला उठल्यासारखी उठायची, बोर्डाजवळ जायची, आणि ठिपका खाली असेल तर प्लग काढून उलटा लावायची. ठिपका वर असला की मामी सुखरूप. कोणाला कळलं नाही. पुढे दोन कार्यक्रम झाले, एक लग्नाचा आणि एक शाळेचा. दोन्ही वेळा मी बोर्डाजवळच बसले. रुमाल हळूहळू माइकवरून गेला. "आता हिळला," मामी म्हणाली, जणू माइक म्हणजे घरात आणून माणसाळलेलं जनावर होतं.

मला आत कुठेतरी अभिमान वाटत होता. एक शब्दही न बोलता मी हे जमवलं होतं.

मंडईचं गाव जंगलाच्या कडेला होतं. दिवाळी झालेली, लवकर येणारा हलका धान कापून झालेला. एका रिकाम्या बांधीत, धानाच्या खाचरात, मातीचा ओटा घालून स्टेज केलं होतं. आदल्या दिवशीच लिंपलेला ओटा अजून पुरता वाळला नव्हता, आणि धूळ उडू नये म्हणून कोणीतरी सकाळी त्यावर पुन्हा पाणी शिंपडलं होतं. दुपारचे दोन वाजले होते. पाळणा, खेळण्यांची दुकानं, जिलेबीची कढई, सगळीकडे माणसं. मांडववाल्याने लांबून वायर ओढून ओट्याच्या कडेला लाकडी बोर्ड आणून ठेवला होता. त्याच्या वायरीला दोन ठिकाणी जोड होते, आणि जोडांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले होते.

मामाने प्लग लावला. मी बोर्डाशेजारी जाऊन बसले आणि पाहिलं. ठिपका वर होता.

मामीने ओट्याखाली चपला काढल्या. हिरवं लुगडं, पायात चांदीची जोडवी. ओल्या मातीवर पावलं टेकली तेव्हा त्यांचे ठसे उमटले. तिने वाकून मातीला हात लावला आणि कपाळाला लावला. मग तोच ओला हात पुढे करून तिने माइक घेतला.

भोंग्यांतून तिचा आवाज आला नाही. घूं असा एकच जाड आवाज आला आणि थांबेना. लोकांना वाटलं, सुरुवात झाली. पुढे बसलेल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मामी सरळ उभी होती. तिचं तोंड उघडं होतं आणि माइक धरलेला हात छातीशी घट्ट ओढला गेला होता. ती सोडत नव्हती. ती सोडू शकत नव्हती.

मी काय केलं ते मला लिहिलंच पाहिजे. मी आधी ठिपक्याकडे पाहिलं. ठिपका वर होता. म्हणजे हे होऊच शकत नाही असं मला वाटलं, आणि तसं वाटण्यात काही क्षण गेले. ते किती होते हे मी अजूनही मोजू शकत नाही. मग मी वायरीला धरून प्लग हिसकला.

मामी मटकन खाली बसली. मामा धावला. ती श्वास घेत होती. तिच्या तळहातावर माइकच्या जाळीचा ठसा भाजून उमटला होता आणि एका पायाचं जोडवं काळं पडलं होतं.

मंडईत फिरायला आलेला एक वायरमन पुढे आला. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस. त्याने मांडववाल्याकडून एक बल्ब मागितला, होल्डरला दोन तारा लावल्या. मला प्लग परत लावायला सांगितलं. मी लावला, ठिपका वर. त्याने एक तार माइकच्या जाळीला टेकवली आणि दुसरी ओल्या मातीत खोचली. भर दुपारी, उन्हात, बल्ब लागला.

 जिलेबीवालासुद्धा झारा हातात धरून बघत होता.

त्याने मिक्सर उघडला. "हे पाहा भाऊ. कोणीतरी घूं घूं आवाज बंद कराले विजेची एक तार बॉडीलेच जोडली. प्लग सुलटा तं बॉडीत करंट नाई, उलटा तं पूरा करंट. अन् या बोर्डात तारा आधीच अदलाबदल हायेत. इथी तुमचं सुलटं म्हणजेच उलटं, वरून माती ओली." मग प्लग हातात घेऊन त्याने विचारलं, "अन् हे लाल काय हाय?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मामीनेही. तिला खाटेवर बसवलं होतं, आणि कोणीतरी तिच्या हातावर खोबरेल लावत होतं.

"तुले माहीत होतं?" मामीने विचारलं.

"हो."

"कवापासून?"

"बसमधूनच."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त हात उलटा करून तळव्यावरचा जाळीचा ठसा पाहिला आणि विचारलं, "मग बोलली काऊन नाई?"

 माझ्याकडे उत्तर होतं, पण ते इतकं लहान होतं की त्या हाताशेजारी ठेवता येण्यासारखं नव्हतं.

वायरमनने पुढच्या आठवड्यात पोंभुर्ण्याला येऊन ती आतली तार काढली, तीन पिनांचा नवा प्लग लावला, अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ टाकून अर्थिंग केलं. बाहेरच्या कार्यक्रमांसाठी एक लोखंडी सळई दिली, जमिनीत ठोकायची आणि तिला तार जोडायची. तसाच एक बल्ब आणि होल्डर मामाला कायमचा देऊन टाकला. गुणगुण मात्र पूर्वीपेक्षा मोठी झाली. मामाने पिन तशीच राहू दिली.

मामी महिन्याने गायला उभी राहिली. ते दुसरं गाव होतं, दुपारच होती, आणि पुन्हा मातीचाच ओटा होता. मामाने सळई ठोकली, बल्ब लावून पाहिला. लागला नाही. त्याने माइक मामीपुढे धरला.

मामीने तो घेतला नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "पयले तू."

मामा काहीतरी म्हणणार होता. तिने त्याला हातानेच थांबवलं, भाजलेल्या त्याच हाताने.

मी चपला काढल्या. माती थंड होती. समोर शंभरेक माणसं बसली होती. मी माइक धरला, आणि काही झालं नाही. परत द्यायला हात पुढे केला.

"नाई. बोल."

"काय बोलू?"

"बसमधी जे बोलाचं होतं ते."

माझा आवाज भोंग्यांतून बाहेर पडला आणि समोरच्या जंगलाला लागून परत आला. तो माझा आहे हे मला ओळखू आलं नाही. "या यंत्राला अर्थिंग पाहिजे," मी म्हणाले. लोकांना वाटलं, माइक टेस्टिंग चाललंय. मागून कोणीतरी ओरडलं, "मोठ्यानं बोल बाई, आयकू नाई येत!" मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने. "तिसरी पिन काढायची नाही."

मामी ऐकत होती. तिची नजर माझ्या तोंडाकडे नव्हती, पावलांकडे होती. मग तिने हात पुढे केला.

"दे आता," ती म्हणाली. तिची बोटं माइकभोवती मिटली, आणि ती गाऊ लागेपर्यंत मी ओट्यावरून उतरले नाही.

त्या हंगामात प्रत्येक कार्यक्रमाआधी असंच झालं. आधी मी, मग ती.