गच्चीवरचा दिवा

आमच्या विरारच्या इमारतीतली मेलिसा कॉलेजात फिजिक्स शिकवते. बुधवारी तिला कळलं, की दूर आकाशात गॅमा किरणांचा स्फोट झालाय आणि त्याचा मागे उरलेला उजेड तिच्या छोट्या दुर्बिणीला आजच टिपता येईल. गच्चीवरचा हॅलोजन तासभर बंद करा, म्हणून ती सेक्रेटरी सुधाकररावांकडे गेली.

"रविवारी मीटिंगमध्ये ठराव मांडा."

"तोवर उजेड विझेल हो! मग फक्त मोठ्या रेडिओ दुर्बिणींनाच सापडेल."

"मग त्यांनाच बघू दे. टाकीचे नळ चोरीला गेले, तर तुम्ही आणून देणार?"

दिवा रात्रभर ढणढणत राहिला.

रविवारी ठराव एकमताने मंजूर झाला.

"घ्या, बघा आता हवं तेवढं," सुधाकरराव हसले.

"काय बघू? तुमचं तोंड?" म्हणत मेलिसा उठून गेली.