डाव्या सीटचा बीप

“माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही” हे इथे चमत्कारिक अनुभव लिहिणारा प्रत्येकजण आधी लिहितो, आणि ते वाचून मी आजवर हसत आले. आता माझ्यावरच वेळ आली आहे. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. आमच्या घरात मांजर आडवं गेलं तर आधी मांजराला जाऊ देतात, मग आपण जातो... एवढाच काय तो विधी. तरीही जे झालं ते झालं, आणि ते जसंच्या तसं सांगते.

गेल्या वर्षी आम्ही एक सेकंडहँड सेडान घेतली. एवढी मोठी गाडी घ्यायचं कारण एकच, आई. म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, रिक्षात चढताना अक्षरशः हाल व्हायचे. या गाडीची पुढची डावी सीट पार मागे सरकवली की त्यांना पाय लांब करून बसता यायचं. आम्ही राहतो नारायण पेठेत, त्यांची फिजिओथेरपी कोथरूडला, आणि नवरा दिवसभर हिंजवडीत. त्यामुळे गाडी चालवायची मी आणि डाव्या सीटवर आई, हे ठरूनच गेलं होतं.

घेण्याआधी मी त्या मॉडेलच्या तक्रारी अगदी अभ्यास केल्यासारख्या वाचल्या. सिग्नलला उभं राहिलं की एसी गार करत नाही, खड्ड्यात सस्पेन्शन खडखडतं, सीट बेल्टचा बीप उगाच वाजतो... ओनर्सचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथे सकाळ-संध्याकाळ हेच दळण चालू असतं. कंपनीने काही रिकॉल काढलाय का, म्हणजे सदोष भाग बदलून द्यायला गाड्या परत बोलावल्यात का, हे मात्र बघायचं राहिलं. आधीचे मालक सज्जन, रिटायर्ड गृहस्थ, सर्व्हिसिंग ओळखीच्या गॅरेजात वेळच्या वेळी केलेलं. आम्ही निर्धास्त होतो.

थोड्याच दिवसांत तो बीप सुरू झाला. आई बसल्या, मी त्यांचा बेल्ट लावला, गाडी निघाली आणि बीप... बीप... बीप. बेल्ट काढून परत लावला. चालूच! सीटवर पर्स ठेवली, भाजीची जड पिशवी ठेवली, तर गप्प. एका रविवारी नवरा तिथे बसला, तर पुन्हा सुरू. त्या सीटवर माणूस बसलेलं गाडीला चालत नव्हतं.

ग्रुपवर विचारलं. उत्तर तयारच होतं — कॉमन कम्प्लेंट आहे, सेन्सर गंडलाय, बाजारात बेल्टची डमी क्लिप मिळते ती बकलात खोचून टाका, गाडीला वाटतं बेल्ट लावलाय. नवऱ्याने लगेच आणून खोचली. तरी बीप चालूच. आणि आई बेल्ट लावायला गेल्या तर तिथे क्लिप.

“म्हणजे मी पट्टा बांधायचाच नाही का?” आई म्हणाल्या. “वा! बीप बंद आणि म्हातारीही बंद.”

नवऱ्याने निमूटपणे क्लिप काढली. सर्व्हिसिंगच्या वेळी दाखवू म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला, आणि आई रोज गाडीला चार शब्द सुनावत कोथरूडला जायला लागल्या. एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. बीप वाजायचा, पण डॅशबोर्डवर बेल्टचा लाल दिवा कधीच लागायचा नाही.

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघी नेहमीसारख्या निघालो. बीप जरा जास्तच भरभर वाजत होता असं मला आठवतंय. नंतर माझ्या मनानेच घातलेली भर असेल तर माहीत नाही. डेक्कन सोडून कर्वे रोडला लागलो तशा आई वैतागल्या.

“वैशाली, गाडी बाजूला घे. मी मागे बसते.”

“अहो आई, आलंच की आता. परत उतरा, परत चढा... गुडघा दुखेल. बसा तशाच.”

“गुडघा माझा आहे. आणि कानही माझेच आहेत.”

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. मागून हॉर्न वाजत होते. तरी गाडी कडेला घेतली. त्या दाराला धरून उतरल्या आणि त्याच क्षणी बीप थांबला. डाव्या सीटमागे पायांना जागा नव्हती, म्हणून वळसा घालून बरोबर माझ्या मागे जाऊन बसल्या. मी त्यांचा बेल्ट लावला.

“बघ, कशी शहाण्यासारखी गप्प बसली तुझी गाडी,” त्या म्हणाल्या.

नळस्टॉपच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला म्हणून मी वेग घेतला. समोरच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला. मीही मारला, पण धडकलोच. कानठळ्या बसणारा आवाज झाला, समोर सगळं पांढरं... एअरबॅग उघडल्या होत्या. माझे हात भाजल्यासारखे चुरचुरत होते. मी ओरडले, “आई!” मागून आवाज आला, “आहे गं, आहे मी.”

मग मी डावीकडे बघितलं.

सीटची पाठ वरून फाटली होती, आतला फोम बाहेर आला होता. त्यात लोखंडाचे तुकडे घुसले होते. एक तुकडा तर वाटीच्या फुटक्या काठासारखा, अर्धा आत रुतलेला. आईंची मान रोज जिथे टेकायची, बरोबर तिथे. लोकांनी धरून मला बाहेर काढलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये कळलं की आमच्या गाडीच्या डाव्या एअरबॅगसाठी रिकॉल निघालेला होता. बॅग फुगवणारं जे धातूचं डबडं असतं, त्यातलं रसायन वर्षानुवर्षांच्या दमट हवेने बिघडतं आणि बॅग फुगवायच्या ऐवजी डबडंच फुटतं. हे मला चांगलंच समजलं, माझा विषयच तो. रिकॉलचे मेसेज आधीच्या मालकांच्या नंबरवर जात होते, आणि त्यांना त्या जाहिराती वाटल्या. तुम्ही जुनी गाडी घेणार असाल तर चॅसिस नंबर टाकून रिकॉल तपासा, एवढं माझं ऐका.

इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे. निघताना मी तिथल्या ॲडव्हायझरला म्हणाले, “त्या डाव्या सीटच्या सेन्सरचंही बघा. सारखा बीप वाजायचा.”

त्याने कॉम्प्युटरवर बघितलं. “मॅडम, हा बेस व्हेरियंट आहे. याला बेल्टचा बीप फक्त ड्रायव्हर साइडला. डाव्या सीटला सेन्सर येतच नाही.”

मी हट्टच धरला, तेव्हा त्याने काढून ठेवलेली सीट उलटी करून दाखवली. खाली सेन्सर नव्हता. वायरही नव्हती. बकलही साधं, नुसतं अडकवायचं. ग्रुपवर तक्रार करणाऱ्यांच्या गाड्या वरच्या व्हेरियंटच्या होत्या.

मोबाइलचा आवाज असेल? माझा बेल्ट सैल असेल? सगळं धुंडाळून झालं. माझ्या बाजूचा बीप वाजवूनही बघितला. आवाज वेगळाच आहे.

घरी येऊन आईंना सांगितलं. एरवी टोमणा जिभेवर तयार असतो, पण त्यांनी मला शेजारी बसवलं. मग माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाल्या, “तू म्हणत होतीस, बसा तशाच.”

त्यात टोमणा नव्हता. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. तो आवाज कुठून यायचा, ते मला आजही सांगता येत नाही. पण मी त्यांना तिथे बसवून ठेवत होते आणि तो त्यांना उठवत होता, एवढं मात्र खरं.