चोवीस पॉइंट शून्य बारा

आधीच सांगून टाकते, मी मिनलवर जळते. मैत्रिणीचं चांगलं झालं की आनंद होतो म्हणतात. होत असेल कुणाला. निगडीला आमची कंपनीची बस जिथं थांबते, त्याच्या बरोबर समोर पहिल्या मजल्यावर तिच्या ऑफिसची पाटी आहे. रोज सकाळी सहा पन्नासला ती पाटी बघायची आणि मग चाकणपर्यंत तोंड पाडून बसायचं, हे माझ्या नशिबी आलंय. जागा बदलून दुसऱ्या बाजूला बसून पाहिलं. मान आपोआप वळते.

आम्ही दोघी डिप्लोमाला एका बाकावर. तिचे बाबा पिंपरीत एका कंपनीत प्रेस शॉपला होते, माझे वडील बीडहून येऊन भोसरीत लेथवर लागलेले. दोघींची घरं सारखीच, मार्कही जवळपास सारखेच. नोकरी लागली तीही एकाच कंपनीत, चाकणला, गाड्यांचे शाफ्ट बनवणाऱ्या. फरक पडला तो तिथं. तिचं टायपिंग चांगलं म्हणून तिला वर ऑफिसात कॉम्प्युटर मिळाला आणि मला खाली शॉपमध्ये तपासणीचं टेबल. ती एसीत, मी कूलंटच्या वासात. संध्याकाळी बसमध्ये ती शेजारी बसली की तिच्या ओढणीला साबणाचा वास यायचा आणि माझ्या नखांत तेल. तेव्हापासून हे चालू आहे, आजचं नाही.

आता कामाचं थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माल बाहेर जाण्याआधी प्रत्येक लॉटमधले पाच नग मोजायचे आणि त्याचा रिपोर्ट मालासोबत पाठवायचा. शाफ्टचा व्यास चोवीस मिलिमीटर, वर काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, चालतात. एकजण मोजतो आणि बोलतो, दुसरा लिहितो. पण शॉपमध्ये 'चोवीस पॉइंट शून्य बारा' असं कुणी म्हणत नाही. म्हणतात, 'बारा'. पुढचा नग, 'चौदा'. पुढचा, 'अकरा'. चोवीस हे कागदाच्या डोक्यावर एकदा लिहिलेलं असतं, ते सारखं काय घोकायचं? भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही शेडमध्ये जा, हीच भाषा.

शिफ्ट सुटताना मी त्या तेलकट कागदाची फेअर कॉपी करायचे. बाराचं चोवीस पॉइंट शून्य बारा करायचे, सुवाच्य अक्षरात, आणि वर मिनलला नेऊन द्यायचे. ती ते टाइप करायची. चार वर्षं तिनं माझे स्वच्छ आकडे पाहिले. खालचं 'बारा, चौदा, अकरा' तिच्या कानावर कधी पडलंच नाही. हे लक्षात ठेवा.

मग बाईसाहेबांनी घरी बसून, यूट्यूब बघून, प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं. एक दिवस बसमध्ये म्हणाली, "विजू, नोकरी सोडू का? हे रिपोर्टचं काम मोबाईलवर करता येईल. छोट्या छोट्या शेडवाल्यांना विकता येईल."

मी म्हणाले, "सोड की गं. धाडस करणाऱ्यालाच मिळतं." मनात म्हटलं, पड एकदा तोंडावर.

ती सोडून मोकळी झाली. निगडीच्या दोन खोल्यांत, स्वयंपाकाच्या ओट्याला लागून एक टेबल टाकलं आणि एकटीच बसली लिहीत. सॉफ्टवेअर तयार झालं. मोबाईलवर आकडे भरा, रिपोर्ट आपोआप तयार, सहीसकट गिऱ्हाइकाच्या ईमेलला. ऐकायला झकास. सात-आठ शेडवाल्यांनी फुकटात वापरायला घेतलं. आठवडाभर वापरलं की मोबाईल ड्रॉवरमध्ये. हिनं फोन केला की मालक म्हणायचे, "मॅडम, छान आहे, बघू." आपल्याकडे 'बघू'चा अर्थ काय होतो ते लहान पोरालाही कळतं. मिनलला कळायला दोन वर्षं लागली.

आणि प्रत्येक वेळी काहीतरी बदल करून ती ते मला दाखवायला यायची. रविवारी दुपारी, हमखास. मी तोवर मोठ्या कंपनीत गेले होते, पुरवठादारांच्या मालाची गुणवत्ता बघायचं काम, लोक मॅडम म्हणायला लागले होते. ती रावेतला आमच्याकडे यायची, लॅपटॉप उघडायची. कधी रंग बदललेले, कधी आलेख घातलेला, कधी सगळं मराठीत केलेलं. "कसं आहे?" विचारायची. मी चहा पुढं करत म्हणायचे, "छान आहे."

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पहिल्याच रविवारी मी पहिल्या चौकटीत सवयीनं बारा टाकलं आणि चौकट लाल झाली. खाली अक्षरं आली, 'पूर्ण आकडा भरा'. तिथंच मला समजलं की हे कधी चालणार नाही. तेलाचे हात, समोरचा भराभरा आकडे बोलतोय, आणि लिहिणाऱ्यानं प्रत्येक वेळी चोवीस, टिंब, शून्य, एक, दोन दाबत बसायचं? माणसं काय करत होती, तर आधी कागदावर लिहीत होती आणि संध्याकाळी खुर्चीत बसून मोबाईलमध्ये भरत होती. दुप्पट काम. आठवड्यात कंटाळून सोडून देत होती. मालक तिला केबिनमध्ये बसवून चहा पाजायचे, खाली टेबलापाशी कुणी नेत नव्हतं. तिला कुठून दिसणार?

एका वाक्याचं काम होतं. मी ते दोन वर्षं गिळून बसले. का, विचाराल तर सांगितलं असतं तर ती पुढं गेली असती. झालं, एवढंच कारण. माझा नवरा ज्ञानेश एकदा म्हणाला, "तुला काही खटकतंय का त्यात? सांगून टाक की तिला." मी त्याच्यावरच खेकसले. म्हटलं, मला काय कॉम्प्युटरमधलं कळतं.

शेवटी तिच्या बाबांनी तारीख दिली. गरीब माणूस, कधी आवाज चढवला नाही, पण त्यांच्या पेन्शनवर घर चाललं होतं. म्हणाले, "विजयादशमीला आपण देहूरोडच्या विहारात जाऊन येऊ. तोवर एक जरी पैसे देणारा मिळाला तर कर पुढं. नाही मिळाला तर दुसऱ्या दिवसापासून नोकरी बघायची." तिनं शब्द दिला आणि माझ्याकडे आली. "विजू, तुमच्याकडे काही जागा असेल तर बघून ठेवशील?"

बघून ठेवशील? अगं, मी दुसऱ्याच दिवशी साहेबांशी बोलले. माझ्याच डिपार्टमेंटमध्ये, माझ्याच हाताखाली जागा होती. मनात मांडे खायला लागले. मिनल सुट्टीचा अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी उभी आहे आणि मी म्हणतेय, "ठेव इथं, बघते." त्या पंधरवड्यात मी घरात इतकी खूष होते की ज्ञानेशला वाटलं प्रमोशन मिळालं.

गणपती बसून उठले. मला खराबवाडीला मालोजीशेठच्या शेडमध्ये ऑडिटला जायचं होतं, ते आमच्या कंपनीला शाफ्ट देतात. जुने गाववाले. जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर शेड उभी केली आणि बारा लेथ टाकले. जाते तर तिथं मिनल. नेमका त्याच दिवशी तिचा डेमो. मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे शेवटचं आहे. हे नाही झालं तर येतेच तुझ्याकडे." चेहरा उतरलेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मालोजीशेठना केबिनच नाही. त्यांचा सगळा कारभार तपासणीच्या टेबलाशेजारी स्टुलावर. त्यामुळं डेमोही तिथंच, चालू शिफ्टमध्ये. केसरबाई मोजायला बसलेल्या. लातूरकडच्या, वीस वर्षं मायक्रोमीटर हातात, शाळेचं तोंड चौथीपुरतं पाहिलेलं, पण त्यांचा आकडा चुकलेला मी ऐकलेला नाही. मोबाईल मिनलनं स्वतःच्या हातात धरला.

"बारा," केसरबाई म्हणाल्या. "चौदा. अकरा."

मिनल पहिल्याच चौकटीत होती. "ताई, थांबा जरा. बारा म्हणजे? पूर्ण आकडा सांगा ना."

"चोवीस, पॉइंट, शून्य, बारा," केसरबाईंनी शब्द तोडून तोडून सांगितलं. "पुढं सांगू?" तिसऱ्या नगाला त्यांनी मायक्रोमीटर खाली ठेवला. "बाई, मी मोजू का पाढे म्हणू?"

मी हाताची घडी घालून उभी. मालोजीशेठ माझ्याकडे वळले. मी त्यांच्या गिऱ्हाइकाची माणूस, माझा शब्द त्यांना मोठा. "ताई, तुमी सांगा. घ्यावं का न्हाई?"

"छान आहे," मी म्हणाले. "बघा, तुमच्या सोयीनं." याला म्हणतात नीट मारणं.

तेवढ्यावर विषय संपला असता. पण शेठनी मिनलच्या डोक्यावर हात ठेवला. "चालंल न चालंल, पर पोरगी हुशार हाय. एकटीनं येवढं केलं. तुमी दोघी एकाच कंपनीत व्हत्या म्हणं? ही बघा कुठं निघाली, तुमी आपल्या नोकरीतच ऱ्हायला."

माझं डोकं फिरलं. दोन वर्षं पैसा न कमावलेली बाई हुशार आणि मी, जिच्या सहीशिवाय या शेडचा माल गेटबाहेर पडत नाही, ती नोकरीतच राहिलेली?

"हुशार कसली डोंबलाची," मी म्हणाले, आणि मोबाईल तिच्या हातातून जवळजवळ हिसकावला. "चोवीस वर एकदा लिहिलंय ना? मग परत परत कशाला भरायला लावतेस? फक्त बारा घ्यायचं. बारा, चौदा, अकरा. दोन आकडे आणि पुढं. बटणं एवढी मोठी कर की तेलाच्या बोटानं दाबता आली पाहिजेत. टेबलावर कधी उभी राहिली असतीस तर कळलं असतं. शॉपमध्ये काळं कुत्रं पूर्ण आकडा बोलत नाही."

केसरबाई म्हणाल्या, "आत्ता बोलल्या बगा कामाचं." मालोजीशेठ माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मिनलनं पर्समधून वही काढली, उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या आणि म्हणाली, "शेठ, मला चार दिवस द्या."

बसमध्ये बसल्यावर मला कळलं मी काय करून बसले ते. निगडी येईपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या.

चार दिवसांनी ती परत गेली. केसरबाईंनी आठ लॉटचे चाळीस नग बोलत बोलत संपवले, कागदाला कुणी हात लावला नाही. मालोजीशेठनी त्याच दिवशी वर्षाचे पैसे दिले आणि दोन भाऊबंदांना फोन केला, त्यांच्याही शेडच आहेत. विजयादशमीला बाप-लेक विहारात गेले ते तीन गिऱ्हाइकं घेऊन. आमच्या डिपार्टमेंटमधल्या जागेवर लोणावळ्याचा एक मुलगा आला. चांगला आहे बिचारा, पण त्याच्या सुट्टीच्या अर्जात काही मजा नाही.

आता साठावर शेड आहेत तिच्याकडे, ऑफिसात चार माणसं. चाकणमध्ये तपासणीच्या टेबलावर तोच मोबाईल, तीच मोठी बटणं. मी ऑडिटला जाईन तिथं माझंच वाक्य वरच्या कोपऱ्यात वाचते, 'फक्त शेवटचे दोन आकडे भरा'. माझं नाव कुठं नाही. असतं तरी मी कुणाला काय सांगणार होते?

परवा खंडेनवमीला मालोजीशेठनी सगळ्यांना बोलावलं होतं. लेथना झेंडूच्या माळा, कपाटाला कुंकू. केसरबाईंनी तपासणीच्या मोबाईललाही एक झेंडूचं फूल चिकटवलं होतं, मायक्रोमीटरच्या शेजारी. ते बघून माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मिनल पेढे घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली.

"विजू, एक विचारू? तुला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलायचं मनात आलं, पण तिनं इतकं सहज विचारलं की जमलं नाही. "पहिल्या रविवारपासून."

"मलापण," ती म्हणाली. "म्हणजे काय चुकतंय ते नाही. पण तुला काहीतरी दिसलंय, हे तेव्हाच कळलं होतं. तू 'छान आहे' म्हणालीस ना, तेव्हा. कॉलेजमध्ये माझी ड्रॉइंग शीट चांगली जमली की तू कधी छान म्हणाली नाहीस. भांडायचीस. शीट चुकलेली असली की मात्र तुझ्या तोंडात साखर. म्हणून तर दर रविवारी यायचे. म्हटलं, जोवर विजू छान म्हणतेय तोवर हे विकलं जाणार नाही. ज्या दिवशी ती तोंड सोडेल त्या दिवशी आपलं झालं."

मी पेढा हातात धरून बसले. दोन वर्षं मी हिला फसवतेय असं समजत होते, आणि ही बाई माझ्या घरी चहा पिऊन माझीच तपासणी करून जात होती. राग आला, लाज वाटली, आणि त्याहून जास्त काय, तर हेवा वाटला, की हेही हिलाच सुचावं. तिच्या जागी मी असते तर पहिल्याच वर्षी मैत्री तोडली असती. माझ्याजवळ तेवढा धीर नाही.

तिनं पेढ्याचा बॉक्स बाजूला ठेवला आणि मोबाईल काढला. "हे बघ, मायक्रोमीटर, गेज यांच्याच तपासणीचं नवीन केलंय. अजून कुणाला दाखवलं नाही. कसं आहे?"

मी वरपासून खालपर्यंत पाहिलं. काय चुकलंय ते तिसऱ्याच पानावर मला दिसलं. पण जुनी सवय, तोंडातून निघून गेलं, "छान आहे."

मिनलनं पर्समधून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि माझ्याकडे सरकून बसली.

"बोल," म्हणाली.