आत्याच्या कपाळावरचा अकरा

खामगावात आजवर जेवढी माणसं सुधारली, त्यातली निम्मी तरी माझ्या आत्याच्या कपाळामुळे सुधारली, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. आत्या शाळेत गणित शिकवायची. तिनं उभ्या हयातीत एकाही पोराला छडी मारली नाही, आणि तशी गरजही पडली नाही. तिच्या दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या होत्या, इंग्रजी अकराच्या आकड्यासारख्या, आणि त्या झोपेतही मिटत नसत. ती वर्गात नुसती शिरली की ज्याचं उत्तर बरोबर आलेलं असे, तोसुद्धा ते खोडून टाकी. निवृत्तीच्या निरोप समारंभात ती गहिवरून रडत होती; फोटोत मात्र कॉपी पकडल्यासारखी दिसते. एकदा दूधवाल्याला तिनं मायेनं विचारलं, "कसं चाललं रे बाप्पा?" दुसऱ्या दिवसापासून घट्ट दूध यायला लागलं.

शाळा सुटली तरी तिची परीक्षेची शिस्त सुटली नाही. बोर्डाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकांचं सीलबंद पाकीट दोघांसमोर, त्यांच्या सह्या घेऊन फोडतात. आत्यानं हा नियम घरातही लागू केला. तेलाचा डबा असो की गॅसचं सिलिंडर, दोन माणसं हजर असल्याशिवाय सील निघत नाही. गेल्या उन्हाळ्यात लोणच्याच्या बरणीवर बांधलेल्या फडक्यावर माझी सही आहे, वेळेसकट.

अशी ही बाई एका दुपारी माझ्याकडे आली आणि पाणीही न पिता म्हणाली, "मले इंजेक्शन घ्यायचं हाये. कपाळात."

मी हादरलोच. मग हळूहळू कळलं. वर्षापूर्वी तिच्या मुलाचं लग्न झालं, सून देऊळगाव राजाची. पोरगी गुणी, बँकेत नोकरीला. पण घरात खाली मान घालून वावरायची, आत्या खोलीत आली की उठून उभी राहायची. त्या दिवशी ती आईशी फोनवर बोलत होती आणि आत्यानं ते ऐकलं. "वर्ष झालं, त्या माझ्यावर चिडूनच असतात. माझं काय चुकतंय, तेच कळंना." हे बोलताना ती रडत होती.

"मी तिच्यावर एकदाबी चिडली नाही रे," आत्या म्हणाली. "आता हे कपाळ तिले कसं समजावू?"

मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त भीती वाटली. आमच्या नात्यातल्या एक बाई कुठूनशा आठ्या घालवायचं असंच इंजेक्शन घेऊन आल्या होत्या. त्यानंतर मयतीलाही त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा. आत्याचा चेहरा तसा झाला तर मी कुणाकडे बघायचं? हे मी बोलून दाखवलं. आत्या म्हणाली, "म्हणून तर तुले संग घेऊन राह्यली. साक्षीदार नको का?"

पहिल्यांदा आम्ही गावातल्याच एका पार्लरमध्ये गेलो. तिथं लग्नसराईची ऑफर होती, भुवयांबरोबर ओठ निम्म्या दरात. बाईंनी फ्रीज उघडला आणि कोथिंबिरीच्या जुडीमागून एक बारकी बाटली काढली. बाटली अर्धी होती.

"हे कोणी फोडली?" आत्यानं विचारलं.

"काल एका मॅडमले दिलं, त्यातलंच हाये. ताजंच हाये, काकू."

"अन् डॉक्टर?"

"ते व्हिडिओ कॉलवर असतेत."

आत्या उठली. "बाई, फुटलेल्या पाकिटातला पेपर मी जन्मात वाटला नाही," एवढंच म्हणून तिनं चपला घातल्या.

मग एसटीनं बुलढाणा. तिथल्या त्वचारोगाच्या डॉक्टर वयानं लहान होत्या, पण आत्यानं आधी भिंतीवरचं प्रमाणपत्र चष्मा पुसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मगच खुर्चीत बसली. पुढची वीस मिनिटं तोंडी परीक्षा झाली. चुकलं तर काय होतं? डॉक्टर म्हणाल्या, "पापणी थोडी उतरू शकते. काही आठवड्यांत जागेवर येते, पण तसं होऊ शकतं हे मी आधीच सांगते." सगळं कपाळ सपाट होईल का? "नाही. मी कमीच देणार. दोन आठवड्यांनी या, लागलं तर थोडं वाढवू. तुम्ही खरंच रागावलात, तर ते दिसायला हवं ना?" गालांचं काही करायचं का, असं आत्यानं मुद्दाम विचारलं. "गालांना काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. आत्यानं माझ्याकडे वळून बघितलं. पोर पास झाली होती.

नवी सीलबंद बाटली आली. आत्यानं तारीख आणि बॅच नंबर मोठ्यानं वाचला, खोक्यावर वेळ घातली आणि माझी व नर्सची सही घेतली. डॉक्टर आधी गोंधळल्या, मग हसत हसत त्यांनीही केली. सुई टोचताना आत्या शांत होती. डोळे मी मिटले होते.

नंतरचे पंधरा दिवस मी रोज काही ना काही कारण काढून तिच्याकडे जायचो आणि चोरून पापण्या बघायचो. हळूहळू त्या आठ्या सैल झाल्या. चेहरा मात्र तोच, आत्याचाच, फक्त चांगली झोप झाल्यासारखा. मला इतकं हायसं वाटलं की घरी येऊन मी दोन वेळचं एकदम जेवलो. गावात कुणाला काही कळलं नाही. "बाई, कुठं देवाले जाऊन आल्या का?" असं मात्र बरेच जण विचारायचे. आणि दूध पुन्हा पातळ यायला लागलं.

एका रविवारी मी तिथं जेवायला होतो. सून स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणाली, "आई, तुमच्या भरतात मीठच नाही!" म्हणाली आणि हसली. आम्ही सगळ्यांनी आत्याच्या कपाळाकडे बघितलं. "मंग टाक न," आत्या म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत बाहेर गेली.

चार-पाच महिन्यांनी आठ्या परत दिसायला लागल्या. त्या औषधाचा असर तेवढाच असतो. मी विचारलं, "आत्या, बुलढाण्याले जायचं का पुन्हा?"

"सुनेले विचारलं मी. ते म्हणे, राहू द्या आई, आता मला कळतं तुम्ही कधी चिडता ते." मग तिनं कपाळावरून एक बोट फिरवलं. "इतके वर्षं पोरं भेली रे मले. अन् मी कोणावर चिडली नव्हती."

त्या पोरांत मीही होतो. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे राहायला आलो की मी दिवसभर अंगणातच असायचो, ती घरात असताना पाऊल आत टाकत नसे. आज इतक्या वर्षांनी ते मी तिला सांगून टाकलं.

"मले माहीत हाये," आत्या म्हणाली. "म्हणून तर तुले लाडू खिडकीतून देत होती."