सुरमईएवढी सूज

बोर्लीच्या मेडिकलमध्ये गोळ्या घ्यायला उभी होते. माझ्यापुढे एक अनोळखी कोळीण होती. लस घेतल्यापासून तिचा दंड सुजला होता. केवढा, ते तिने दोन्ही हात फाकवून दाखवलं. दुखरा हातही त्यासाठी मुकाट्याने फाकला.

"मावशी, हे सुरमईचं माप झालं. सुजेचं दाखव," दुकानदार म्हणाला. "वर आरोग्य खात्याला कळवायला हवं."

तिने झटकन दंडावर पदर ओढला. "कळवू नको रं! टोचणारी नर्सबाई माझं गिऱ्हाईक हाय. रुसली तर पापलेट कोन घेल?"

"लसीबद्दल कळवतात गं, बाईंबद्दल न्हाय."

"मग लिव. पन बाईंचा हात हलका हाय, ह्ये पयलं लिव."

त्याने तसंच लिहिलं. धंदा सांभाळावा तो असा, मी मनात म्हटलं. माशांची पाटी उचलून ती निघाली आणि दारातून ओरडली, "सूज सुरमईएवढीच लिव! उगा बांगडा करू नको!"