‘ब’ तुकडीनं काय पाप केलंय?

संशोधनातून निष्कर्ष किती निघतात ते मला विचारू नका, पण किस्से मात्र पोत्यानं निघतात! निष्कर्ष प्रबंधात जाऊन बसतात, प्रबंध कपाटात जाऊन बसतो. किस्से मात्र चहाबरोबर गावभर फिरतात, आणि माझ्याकडे परत येईपर्यंत त्यांना चार शेपट्या फुटलेल्या असतात. त्यापेक्षा मीच सांगून टाकते.

मी बिदरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. खेड्यातल्या मुलांना इंग्रजी बोलायला कसं शिकवावं, यावर पीएच.डी. करणाऱ्यांची मी गाइड. त्यातली एक शिवलीला. औराद तालुक्यातल्या एका मराठी शाळेत ती इंग्रजीची बाई. गावाचं नाव सांगत नाही, तिथले हेडमास्तर रागावतील. त्यांना सगळे अप्पा म्हणतात, मीसुद्धा.

शिवलीलाचं हे शेवटचं वर्ष होतं. युनिव्हर्सिटीनं मुदत वाढवून दिली होती, ती पुन्हा मिळणार नव्हती. सासऱ्यांनीही सांगून टाकलं होतं, "आवंदा झालं तर झालं. न्हाई तर बास." म्हणजे पदवी मिळाली तर डिग्री कॉलेजात नोकरी, नाही तर सगळं तिथंच संपलं.

*

तिचा तास बघायला मी पहिल्यांदा त्या शाळेत गेले. ठरलं होतं असं की मी गुपचूप मागच्या बाकावर बसायचं आणि टिपणं काढायची.

दारातच हलगी! मग हार, शाल, नारळ, अप्पांचं भाषण, सरपंचांचं भाषण, मुलींचं स्वागतगीत. एवढं होईपर्यंत तास संपल्याची घंटा झाली. मुलांनी मला पोटभर बघून घेतलं, मी काहीच बघितलं नाही.

परतताना मी अप्पांना बजावलं, "पुढच्या वेळी शाळेत सत्कार नको." अप्पांनी शब्द पाळला. पुढच्या वेळी त्यांनी बसस्टँडवरच उरकून घेतला!

*

त्या दुसऱ्या खेपेला तास दिसला. काय सांगू, मुलं फाडफाड उत्तरं देत होती. मला जरा शंका आली. मी उठून समोरच्या पोराला सोपासा प्रश्न विचारला.

पोरगं हळूच मला म्हणालं, "मॅडम, ह्ये मल्लूला इचारा. माझा तिसरा प्रश्न हाय."

अप्पा शेजारीच उभे होते. त्यांच्या तोंडावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. "पोरं इमानदार हायत," म्हणाले.

*

मग प्रश्नावली. ‘घरी कोणती भाषा बोलता? एकाच पर्यायावर खूण करा.’ हा प्रश्न ज्यानं कुणी तयार केला तो आपल्या भागात कधी चहा प्यायलासुद्धा उतरलेला नसणार. शिवलीला एका घरी गेली. अंगणात मुलाची आई तूर पाखडत बसली होती.

"अक्का, घरात कोणती भाषा बोलता?"

"कोण कुणाशी?"

"तुम्ही, सगळ्यांशी."

"सासूसंगं कन्नड, लेकरांसंगं मराठी, भाजीवाल्यासंगं हिंदी."

"एकच सांगायची आहे हो."

बाईनं सूप खाली ठेवलं. "मग नीट इचार की! भांडायची येगळी हाय आन् लाडाची येगळी. तुला कोणची पायजे?"

या प्रश्नाचा रकाना आम्ही रिकामाच सोडला.

*

मधेच कलबुर्गीला एका परिषदेत पेपर वाचायला गेलो. मी, शिवलीला आणि आमच्या डिपार्टमेंटचे कादरी सर. कादरी सर आकडेमोडीतले हुशार, आमचं सगळं स्टॅटिस्टिक्स तेच बघतात.

अध्यक्षांचा विषय होता, ‘वर्गात शिक्षकानं कमी बोलावं, विद्यार्थ्यांना बोलू द्यावं.’ विषय महत्त्वाचाच. त्यावर ते दीप लावल्यापासून जेवणाची वेळ टळेपर्यंत बोलले. कुणाला एक शब्द मधे घालू दिला नाही. शेवटी घाम पुसत म्हणाले, "एनी क्वेश्चन्स?"

शिवलीलानं हात वर केला. "सर, आता आम्ही बोलायचं का?"

"व्हाय नॉट! दोन मिनिटं."

"मॅडम," कादरी सर माझ्या कानात म्हणाले, "ये खुदकी क्लास में बैठे तो सो जाते!"

*

आता खरा प्रयोग. आठवीच्या दोन तुकड्या. ‘अ’ तुकडीला शिवलीला नव्या पद्धतीनं शिकवणार: जोड्या करून गप्पा, खेळ, एकमेकांना प्रश्न. ‘ब’ तुकडी जुन्याच पद्धतीनं शिकणार: वाचा, अर्थ लिहा, पाठ करा. शेवटी दोघांची तोंडी परीक्षा घ्यायची आणि फरक बघायचा. फरक दिसला तर प्रबंध उभा राहणार, इतकं साधं.

परीक्षा झाली. कादरी सरांनी आकडे कॉम्प्युटरला खाऊ घातले आणि म्हणाले, "मॅडम, ये दोनों तुकडी तो सगे भाई निकले!"

फरक शून्य. दोन्ही तुकड्या सारख्याच बोलत होत्या, आणि मजा म्हणजे दोन्ही छान बोलत होत्या! शिवलीला माझ्या केबिनमध्ये बसून रडली. मला तिची दया आली आणि रागही आला, कारण काही तरी घोटाळा होता हे कळत होतं. आम्ही दोघी थेट शाळेत गेलो.

अप्पांनी काहीच लपवलं नाही. शिवलीला चारच्या बसनं औरादला निघाली की ते ‘अ’ आणि ‘ब’च्या पोरांना लिंबाखाली एकत्र बसवायचे. सकाळी ‘अ’ जे शिकली, ते संध्याकाळी ‘ब’ला शिकवायचं. रोज, न चुकता!

"अप्पा, ‘ब’ तुकडीला शिकवायचं नव्हतं! सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलंत की. पर एका पंगतीत अर्ध्यांना पोळी आन् अर्ध्यांना नुसतं वरण वाढायचं व्हय? आमच्यात पाप मानतेत ते. ‘ब’नं काय घोडं मारलंय?"

"अहो, पण हिचं वर्ष!"

अप्पा म्हणाले, "ह्ये मला कळलं न्हवतं बगा." आणि ते खरोखर कावरेबावरे झाले.

*

नव्यानं प्रयोग करायला वेळ उरला नव्हता. "आकडे जरा इकडंतिकडं करा," असा सल्ला देणारे हितचिंतक लगेच भेटले. ते कुठंही भेटतात. शिवलीला म्हणाली, "मॅडम, घडलंय तेच लिहिते. पडले तर पडले." तिनं लिंबाखालची शाळा जशीच्या तशी प्रबंधात घातली. मी सही केली, पण मला त्या रात्री झोप आली नाही.

*

व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. एरवी कुणी येत नाही. त्या दिवशी पहिल्या रांगेत शिवलीलाचे सासरे, मागच्या रांगेत कपाळभर विभूती लावलेले अप्पा.

परीक्षक पुण्याकडचे, कडक. "तुलनेला दुसरा गटच उरला नाही, मग हा प्रयोग कसला?" त्यांनी हेच फिरवून फिरवून विचारलं. शिवलीलाचा आवाज बारीक होत चालला. गाइडनं मधे बोलायचं नसतं. मी नुसती पदराशी चाळा करत बसले.

शेवटी त्यांनी विचारलं, "पुन्हा संधी मिळाली तर काय वेगळं कराल?"

"दुसरा गट लांबच्या शाळेतला घेईन, सर. मंठाळच्या बाजूचा."

मागून अप्पा उठले. "सर, तिथं जमायचं न्हाई."

"का?"

"माझी लेक मास्तरीण हाय तिथं. तिला समदं कवाच शिकवून धाडलंय की!"

शिवलीलानं डोळे मिटून घेतले. सासऱ्यांनी मान खाली घातली. परीक्षकांनी चष्मा काढला. "म्हणजे तिथल्या मुलांनाही बोलता येतं?"

"इचारा की!" म्हणत अप्पा पुढं आले, फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. लेकीशी दोन शब्द झाले, आणि एका मुलीचा खणखणीत आवाज आला.

"गुड आफ्टरनून, सर! हॅव यू ईटन?"

"नॉट येट," परीक्षक बोलून गेले.

"व्हाय नॉट?"

"आय हॅव टू आस्क मेनी क्वेश्चन्स."

"सर, फर्स्ट ईट! क्वेश्चन्स विल नॉट गेट कोल्ड."

परीक्षकांनी पदवीच्या शिफारशीवर सही केली आणि जेवायला उठले.